टिकली लावलेला संगणक

शनिवारी सकाळी आंघोळ झाल्याशिवाय काका त्या संगणकाला हात लावत नसत. एवढ्या एका गोष्टीवरून मी त्यांच्याविरुद्ध पत्रक लिहिलं. मी तेव्हा त्यांचीच भाडेकरू होते, त्यांच्याच छपराखाली झोपत होते, आणि पत्रक छापायला कागदही त्यांच्याच कपाटातून घेतला होता. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

पत्रकाचं नाव 'सोवळ्यातला संगणक'. पुण्यात कॉलेजात असताना मी आठवड्याला एक पत्रक काढायचे. फीवाढीवर, वसतिगृहाच्या वेळांवर, सार्वजनिक संडासांवर, बाईच्या कपाळावर टिकली असलीच पाहिजे या सक्तीवर. त्या शेवटच्या विषयावर तर चार पानं, दोन्ही बाजूंनी. श्टुटगार्टला एम.एस. करायला आले, बॉबलिंगेनमध्ये काकांच्या पोटमाळ्यावरची खोली मिळाली आणि आठवड्याभरात मला विषयही मिळाला.

काका शहात्तर वर्षांचे. मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, चाळीस वर्षं जर्मनीत. घरातही डोक्याला लोकरीची टोपी. बोलायला लागताना 'आल्झो', म्हणजे जर्मनमधलं 'तर', आणि बोलून झालं की 'काय?', जणू समोरच्याची तोंडी परीक्षा चालू आहे. साखरेचा आजार होता, आणि स्टेशनजवळच्या बेकरीतला सफरचंदाचा केक रोज चारला ठरलेला. डॉक्टरांनी सांगितलेलं एकही पथ्य त्यांनी पाळल्याचं मी पाहिलं नाही. घरातली सगळी पथ्यं त्या संगणकाच्या वाट्याला.

तो खालच्या खोलीत होता. पिवळा पडलेला, जुन्या फ्रिजसारखा घुमणारा. त्याच्यातली प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, इतकी जुनी की बनवणाऱ्यांनी तिचं नाव काढणंही सोडून दिलं होतं. अशा प्रणालीत नवी नवी भोकं सापडत राहतात आणि बुजवायला कुणी येत नाही. हे मी तुम्हाला चौदा मुद्द्यांत सांगू शकते. सांगितलंही आहे. कुणी वाचलं नाही. काकांच्या संगणकाला नेटची तारच नव्हती. पुढच्या बाजूला पेनड्राइव्हसाठी दोन खाचा होत्या आणि दोन्हींवर एकेक टिकली चिकटवलेली. मोठी, मरून, मखमली.

"काका, याची ओटी कधी भरायची?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आल्झो," काका म्हणाले, "ते सील आहे. मखमल एकदा उचकटली की परत तशी बसत नाही. कुणी खाच उघडली तर मला कळणार. बाजारात सील मिळतात, पण ही पाकिटं घरात उरली होती. काय?"

पाकिटं काकूंची. काकूंना मी पाहिलं नाही, मी यायच्या चार वर्षं आधी त्या गेल्या. मराठी मंडळाची रविवारची शाळा त्यांनी कित्येक वर्षं चालवली. इकडे वाढलेल्या मुलांना आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकातली बैलगाडी आणि मोट कशी समजावणार, म्हणून त्या धडे स्वतःच लिहायच्या. बेकरीतली मांजर, जी 'मोर्गन', म्हणजे सुप्रभात, न म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवते. शेजारच्या सिंडलफिंगेनला जायचा कंटाळा आलेली बस. रिकाम्या बाटल्या घेणाऱ्या यंत्राशी मराठीत भांडणारी आजी. असे तीनशे बारा धडे, आणि सगळे त्या काळच्या एका मराठी टायपिंगच्या प्रोग्राममध्ये. त्याला संगणकाच्या मागे काडेपेटीएवढं एक कुलूप लावावं लागायचं आणि तो त्या जुन्या प्रणालीवरच चालायचा. दुसऱ्या कुठल्याही संगणकावर मांजरीचा धडा उघडला तर पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसे. काकूंनी छापील प्रती मुलांना वाटून टाकल्या होत्या. यंत्रात आहेत ना, म्हणून स्वतःकडे एकही ठेवली नव्हती.

म्हणजे ते यंत्र मेलं, किंवा त्यात बाहेरची कीड शिरली, तर तीनशे बारा धडे गेले. काकांच्या आयुष्यात जपण्यासारखं एवढंच उरलं होतं असं मंडळात सगळे म्हणायचे. मला तेव्हा हे ऐकून डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. मला राग आला. इतकी मौल्यवान गोष्ट आणि ती अशा भंगारात? खरं सांगायचं तर राग वेगळ्याच गोष्टीचा होता. मीही लिहिते. माझं लिहिलेलं जपायला कुणी आठवड्यातून एकदा आंघोळ करून बसणार नव्हतं.

काका मागासलेले असते तर माझं काम सोपं झालं असतं. पण बँकेसाठी आणि मेलसाठी त्यांच्याकडे एक छोटा नवा लॅपटॉप होता, आणि मंगळवारी संध्याकाळी बातम्या सुरू होण्याआधी ते त्याचे सगळे अपडेट घालत. जुन्याचं वेळापत्रक निराळं. शनिवारी आंघोळ, चहा, मग यंत्र चालू. तासभर टायपिंग. मग सीडी, जिला ते तबकडी म्हणायचे. एक तबकडी टेबलाच्या खणात, एक खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, बिस्किटांच्या डब्यात. तिसरी र्युसेल्सहाइमला एका मित्राकडे जायची, कारण "घर जळालं तर?" तो मित्र कायमचा पुण्याला परत गेला, तेव्हापासून तिसरीला जागा नव्हती आणि काकांना ते सतत टोचत असे. आतून बाहेर जे जायचं ते तबकडीवरून. बाहेरून आत काहीही नाही.

माझ्या पत्रकाची प्रत मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. समोरासमोर वार करायचा, ही आमची शिस्त. काकांनी ती उभ्या उभ्या वाचली.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "नेम चुकलाय. सोवळ्यात दोष दुसऱ्याचा असतो. तू शिवलीस तर मी बाटलो. पथ्यात दोष आपला असतो. आपल्या म्हाताऱ्याची प्रकृती तोळामासा आहे हे मान्य करायचं आणि तसं वागायचं. यात बाटाबाट कुठून आली?"

"मग मला हात का लावू देत नाही?"

"तू घाईत असतेस."

"आणि आंघोळ? आंघोळीचं काय?"

"आंघोळ करून आलेला माणूस घाईत नसतो. मी तरी नसतो. काय?"

दुसरं पत्रक अर्धं लिहून झालं होतं, ते तसंच राहिलं. पहिल्याच्या उरलेल्या प्रती मात्र काकांनी वाया जाऊ दिल्या नाहीत. मागची बाजू कोरी होती. त्यांच्या जुन्या प्रिंटरची शाई आता कुठे मिळत नव्हती म्हणून ते आठवड्याला एकच धडा छापत आणि त्याच्या झेरॉक्स शाळेत जात. त्या झेरॉक्स माझ्या पत्रकांच्या पाठीवर निघाल्या. रविवारी पालकांनी मांजरीचा धडा कौतुकाने घरी नेऊन फ्रिजवर लावला. माझी बाजू फ्रिजकडे.

मत्सराबद्दल लोक कुजबुजत लिहितात. मी उघड लिहिते. मला काकांचा मत्सर वाटायचा, आणि त्याला कारणं होती.

गेल्या वर्षी मंडळातल्या बऱ्याच जणांच्या लॅपटॉपमधली प्रणाली मुदतबाह्य झाली. यंत्रं ठणठणीत, पण सुरक्षेचे अपडेट बंद. सिंडलफिंगेनच्या हॉलमध्ये बैठक ठरली आणि मला बोलायला दहा मिनिटं मिळाली. मी 'उघड्या दाराचे मालक' हे चार पानी पत्रक वाटलं. कंपन्यांच्या नफ्यावर बोलले, भंगारात जाणाऱ्या चांगल्या यंत्रांवर बोलले, पाळतीवर बोलले. अठरा मिनिटं झाली. काकूंच्या नंतर शाळा चालवणाऱ्या ताई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी हात वर केला.

"सगळं पटलं गं. पण माझा लॅपटॉप ठेवू की फेकू, एवढं सांग ना."

"ताई, प्रश्न तुमच्या लॅपटॉपचा नाहीये. प्रश्न व्यवस्थेचा आहे."

"व्यवस्थेवर मी बँकेचं काम करत नाही ना बाळा," ताई म्हणाल्या, आणि कॉफीचा कप माझ्या पत्रकावर ठेवला.

तेवढ्यात मागून 'आल्झो' ऐकू आलं. काका उभे राहिले होते. "ज्याला लस मिळते त्याने बाहेर जावं. ज्याला मिळायची बंद झाली त्याने घरात बसावं आणि बाहेरचं काही खाऊ नये. ताई, तुमचा लॅपटॉप बँकेत जातो ना? मग त्याच्यावर लस मिळणारी दुसरी प्रणाली घाला. जमत नसेल तर त्याची नेटची तार काढा आणि त्याच्यावर नुसतं लिहा. काय?"

ताईंनी ते शब्दशः लिहून घेतलं. माझ्या पत्रकाच्या समासात.

पुढचे चार रविवार मी घरोघरी फिरले. अकरा लॅपटॉपवर मोफत मिळणारी नवी प्रणाली मी बसवली, माझ्या हातांनी, लोकांच्या मुलांचे फोटो आधी नीट काढून ठेवून. प्रत्येक घरात पोहे मिळाले आणि प्रत्येक घरात एकच वाक्य मिळालं. काकांनी सांगितलं म्हणून वाचलो बघ. काकांनी एकाही लॅपटॉपचं झाकण उघडलं नव्हतं.

माझी आई तर पुण्यात. ती काकांशी व्हिडिओ कॉलवर एकदाच बोलली होती. त्यानंतर तिला एकदा कसलीशी लिंक आली, तर मला विचारते, "दाबू का? काकांना विचारून सांग."

"आई, मी इथे कॉम्प्युटर शिकायला आलेय."

"हो गं. पण ते शांतपणे सांगतात."

असं सगळं साठत होतं. आणि मग जानेवारीतल्या एका शुक्रवारी काका बेकरीच्या पायरीवर बर्फावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. शनिवारी सकाळी हॉस्पिटलमधून त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"आजची तबकडी राहील. तू काढ. यंत्र चालू कर, तबकडी घाल, पडद्यावरचं हिरवं बटण दाब, थांब, तबकडी बाहेर काढ, यंत्र बंद कर. घराची किल्ली तुझ्याकडे आहेच. बाकी कशाला हात नको."

"आंघोळ करून का?" मी म्हटलं. असल्या वेळीसुद्धा मला टोमणा सुचला.

"तुझी मर्जी," काका म्हणाले. 'काय' म्हणाले नाहीत.

तीन वर्षांत त्यांनी त्या यंत्राजवळ कुणाला बसू दिलं नव्हतं, ताईंनासुद्धा नाही. आता मला सांगत होते. एवढ्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी, मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता, आणि माझ्या डोक्यात स्टेज होतं. काका स्वतः एकेक धडा नव्या प्रणालीवर चालेल असा करत होते, पण कसा? रूपांतरात वेलांट्या इकडच्या तिकडे होतात म्हणून प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासून. दोन वर्षांत एकोणचाळीस धडे. या वेगाने शेवटचा धडा संपेपर्यंत ते नव्वदीचे झाले असते. मी एका दुपारी सगळे करणार होते. रविवारी तिळगूळ वाटायच्या आधी माइक हातात घेऊन सांगणार होते, की काकूंचे सगळे धडे आता कुठल्याही फोनवर उघडतात. आणि लोक विचारणार होते, कुणी केलं?

आंघोळ केली नाही. वेळ नव्हता.

माझ्या लॅपटॉपला सीडीची खाच नाही. रूपांतराचा प्रोग्राम माझ्या पेनड्राइव्हवर होता. हा पेनड्राइव्ह डिसेंबरात पुण्याला गेला होता. आमच्या जुन्या पत्रकवाल्या छापखान्यात, मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात, मग आणखी एका झेरॉक्सच्या दुकानात, कारण पहिल्याची लाइट गेली होती. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह काय घेऊन येतो हे पुण्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. 'उघड्या दाराचे मालक'मधला सहावा मुद्दा तोच होता. पण माझ्या नव्या लॅपटॉपने ती कीड आतल्या आत चिरडली होती, तिचा त्रास मला झालाच नव्हता, आणि जो त्रास आपल्याला झाला नाही तो आपण विसरतो.

मी नखाने उजवीकडची टिकली काढली आणि पेनड्राइव्ह लावला.

लस न मिळालेल्या म्हाताऱ्याला जे व्हायचं ते झालं. धड्यांचे बारा फोल्डर होते. माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या जागी शॉर्टकटचे बारा छोटे बाण आले. एकही उघडेना. मी घाबरले, आणि घाबरलेली मी थांबत नाही, हे माझ्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे. त्याच पेनड्राइव्हवर कीड साफ करणारा एक प्रोग्राम होता. तो चालवला. त्याने बाण साफ केले, आणि बाणांच्या मागे दडवलेले खरे फोल्डरही साफ केले. पडद्यावर काही उरलं नाही. खोलीत फक्त त्या यंत्राची घरघर.

किती वेळ फरशीवर बसले होते आठवत नाही. मग केलर आठवलं. बिस्किटांचा डबा. गेल्या शनिवारची तबकडी.

संध्याकाळपर्यंत मी कीड उपटत होते. मग तबकडीवरून सगळं परत आणलं. मोजले. तीनशे बारा. पुन्हा मोजले. तीनशे बारा. सांगितल्याप्रमाणे त्या शनिवारची तबकडीसुद्धा काढून खणात ठेवली. मांजर होती, बस होती, आजी होती. जगात कुणाचंही काही बिघडलं नव्हतं. राहिली होती फक्त टिकली.

जुनी परत बसेना. काका म्हणाले होते तसंच झालं. मखमलीच्या कडा फुलल्या होत्या, मागचा गोंद कळकट झाला होता. काकूंची पाकिटं काकांच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं. रविवारी संक्रांतीला मी माइककडे फिरकलेच नाही. मग मी, जिने टिकलीच्या सक्तीवर चार पानं दोन्ही बाजूंनी लिहिली, ती मी सोमवारी क्लास बुडवून टिकली शोधत फिरले. इंडियन शॉपमध्ये फक्त खड्यांच्या होत्या. शेवटी सिंडलफिंगेनला ताईंच्या घरी गेले.

"ताई, मरून टिकली आहे? मोठी? मखमली?"

ताईंनी मला दारातच मिठी मारली. "अगं बाई! कोण आहे तो? मराठी आहे की इकडचा?"

"नाटकात काम करतेय," मी म्हटलं.

"जा, जा. सगळ्या आधी नाटकच म्हणतात," ताई म्हणाल्या आणि आख्खं पाकीट दिलं.

मी घरी येऊन खाचेवर टिकली लावली. लांबून बघितली, जवळून बघितली. बॅटरी लावून बघितली. अगदी तशीच.

काका हॉस्पिटलमधून राइहाला गेले, चालायला शिकवणाऱ्या त्या केंद्रात, आणि एकूण पाच आठवड्यांनी कुबड्या घेऊन घरी आले. पहिल्या शनिवारी आंघोळीला त्यांना पाऊण तास लागला. मी जिन्यात बसून पाण्याचा आवाज ऐकत होते. मग खालच्या खोलीचं दार वाजलं, यंत्र घुमायला लागलं, आणि बराच वेळ दुसरा काही आवाज आला नाही.

"खाली ये," काकांनी हाक मारली.

मी दारात उभी राहिले.

"तीनशे बारा आहेत," ते म्हणाले.

"हो काका."

"तीनशे तेरावा कुठे आहे?"

मला कळेना. काकूंचे धडे तीनशे बाराच होते, सगळ्या मंडळाला पाठ होता तो आकडा.

"हिच्या वहीत पुढच्या धड्याचं नुसतं नाव लिहिलेलं होतं," काका पडद्याकडे बघत म्हणाले. "धडा मी लिहिला. मला कुठे लिहायची सवय! दोन वर्षं दर शनिवारी लिहायचो आणि पुसायचो. पडलो त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, एका बैठकीत पुरा झाला. मुद्दाम शनिवारची वाट न बघता बसलो होतो. वाटलं, तबकडी परवा काढूच."

शुक्रवारी ते पडले. शनिवारची तबकडी त्यांनी मला काढायला सांगितली होती. एक हिरवं बटण.

मी सगळं सांगितलं. पेनड्राइव्ह, छापखाना, बाण, स्टेज, माइक. सांगून झाल्यावर त्यांनी वाकून उजवीकडच्या टिकलीकडे पाहिलं.

"ही ताईंची आहे. त्या अशी चमकदार लावतात."

"हो."

"पथ्य मोडलंस ते समजलं. मीही रोज चारला मोडतो. पण सील परत का लावलंस?"

मी दाराच्या कडीशी चाळा करत राहिले.

"सील चोराला थांबवत नाही गं. कुणीतरी येऊन गेलं, एवढंच ते सांगतं. तू नेमकं तेच पुसलंस."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला येतं, त्याच्यावर पत्रक निघतं. काका ओरडले नाहीत. कीड पुरती गेली असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी ते यंत्र कोरं करून पहिल्यापासून उभं करायला घेतलं, मूळ तबकड्यांवरून. दोन दिवस लागले. खुर्चीशेजारी एक स्टूल ठेवून म्हणाले, बस. मी त्यांच्या हातात एकेक तबकडी देत होते, ते घालत होते. त्या दोन दिवसांत त्यांनी एकदाही 'काय?' विचारलं नाही. मी वाट बघत होते.

त्यानंतर मी एक पान लिहिलं. एकच. व्यवस्था नाही, मुद्दे नाहीत, उद्गारचिन्ह एकही नाही. कुठून आणलेला पेनड्राइव्ह, कुठे लावला, घाबरून काय केलं, काय गेलं, मग काय लपवलं, या क्रमाने. मंडळाच्या पुढच्या बैठकीत वाटलं. हॉलमध्ये माझ्या पत्रकामुळे शांतता पसरलेली मी पहिल्यांदा पाहिली. कुणी त्याच्यावर कप ठेवला नाही. एका गृहस्थांनी तर खिशातून आपला पेनड्राइव्ह काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला. ताईंनी दोनदा वाचलं. टिकलीच्या ओळीवर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग म्हणाल्या, "किती सरळ लिहिलंयस गं. काकांनी सांगितलं ना, असं लिही म्हणून?"

माझे कान तापले. हे पान माझं होतं. माझी चूक, माझी लाज, माझी वाक्यं. तीसुद्धा काकांच्याच खात्यात? मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आलं, "आल्झो. एक शब्द माझा नाही. मला कुठे लिहिता येतं? जन्मात एकच धडा लिहिला होता, तो हिने पुसला."

सगळा हॉल हसला. काका हसले नाहीत. मीही नाही.

आता मी म्युनिकला नोकरी करते. गेल्या महिन्यात एक पाकीट आलं. आत पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये एक तबकडी, तिच्यावर काकांच्या कोरीव अक्षरात '३१३ पर्यंत'. पाकिटाच्या तोंडावर, गोंदावरून, एक मरून मखमली टिकली. ती मी उचकटली नाही, पाकीट खालून कापलं. सीडी वाचणारा एक वेगळा ड्राइव्ह विकत आणला. फाइल उघडली. पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा.

मी फोन केला. "काका, परत लिहिलात?"

"लिहिला. पहिल्यासारखा नाही झाला."

"माझ्याकडे उघडत नाही."

"माहीत आहे. जुन्यावरच उघडतो. तू फक्त सांभाळ. तिसरी प्रत दुसऱ्या गावात पाहिजे."

"पण काय लिहिलंय त्यात?"

"येऊन वाच. काय?"

ताई सांगतात, शाळेत तो धडा वाटून झाला. एक मुलगी तर तो घडाघडा म्हणून दाखवते, आणि आवडला का विचारलं तर जर्मनमध्ये 'गेनाऊ' म्हणते, म्हणजे अगदी बरोबर. मी ताईंना म्हटलं, फोटो पाठवा. ताई म्हणाल्या, काकांनी सांगितलंय, तिला पाठवायचा नाही. आठ-आठ वर्षांची पोरं, त्यांना मराठी धड वाचता येत नाही, आणि त्यांनी तो वाचला. त्यांचा मला इतका मत्सर वाटतो की मी या शनिवारचं तिकीट काढलं आहे. गाडी साडेसहाची आहे. आंघोळ करून निघायचं तर पाचला उठावं लागेल.